दुसऱ्यांदा शाळेत आलेल्यांना शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा: माध्यमिक शाळा मध्येच सुटलेले किंवा शेवटच्या परीक्षेत नापास झालेले विद्यार्थी पुन्हा शिकायला आले आहेत. वर्गात सतरा वर्षांचेही आहेत आणि पस्तिशीचेही. हजेरी अनियमित, प्रत्येकाची पातळी वेगळी, हातात जेमतेम एक वर्ष. सुरुवात कुठून करायची आणि पुस्तक कसं संपवायचं?

पुस्तक संपवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तेच धडे, त्याच क्रमाने, जरा हळू शिकवले की भागेल या समजुतीमुळेच असे कितीतरी वर्ग तीन महिन्यांत ओस पडतात. या विद्यार्थ्यांना बरंच काही येत असतं. मधले काही दुवे निखळलेले असतात आणि प्रत्येकाचे वेगळे असतात. एखादीला बीजगणित जमत नाही, कारण अपूर्णांक कधी कळलेच नव्हते. तिच्या शेजारी बसलेल्याला अपूर्णांक येतात, पण चार ओळींचा प्रश्न वाचून त्यात काय विचारलंय ते उमगत नाही. दोघांनाही 'गणितात कच्चे' म्हणून एकच उजळणी दिली तर दोघांचाही वेळ जातो. कोणाचा कुठला दुवा निखळलाय ते नेमकं शोधणं आणि मिळालेल्या प्रत्येक तासात तेवढा एक पक्का करणं, हेच इथलं मुख्य काम.

आधी कागद बघा

शिकवण्याआधी प्रत्येकाची जुनी गुणपत्रिका मागवा. कोणते विषय आधीच सुटलेत, कोणत्या विषयाचे गुण पुढे धरले जातात आणि ती मुदत कधी संपते, हे तुमच्या परीक्षा मंडळाकडून लेखी विचारून घ्या. पास झालेला विषय पुन्हा शिकायला लावणं हा या विद्यार्थ्यांवर होणारा सर्वांत सहज टाळता येण्याजोगा अन्याय आहे. मग विद्यार्थ्याबरोबर बसून एका कागदावर लिहा: किती विषय उरले, कोणता कधी द्यायचा, अर्जाची शेवटची तारीख काय. तो कागद त्याच्याकडेच राहू द्या, एक प्रत तुमच्याकडे.

विषयांचा क्रम ठरवताना सर्वांत अवघड विषयापासून सुरुवात करू नका. जो विषय थोड्या गुणांनी राहिला होता तो पहिल्या परीक्षेला ठेवा. एक विषय सुटला की वर्गाला येण्याचं कारण बदलतं, माणूस टिकतो. गणित बहुतेकांना सर्वांत जास्त महिने खातं, म्हणून ते शिकवायला पहिल्या आठवड्यापासून घ्या, पण परीक्षेला शेवटी ठेवा.

पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर 'शाळा का सोडली?' असं विचारू नका. आजारपण, लग्न, घरची कमाई, वर्गातला अपमान, यांतलं काहीही असू शकतं आणि ते तुम्हाला सांगणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. आज किती वाजेपर्यंत थांबता येतं, आठवड्यातले कोणते दिवस कठीण जातात, घरी बसून लिहायला जागा आहे का, एवढं मात्र एकेकट्याला विचारा. शिकवताना त्याचा उपयोग होतो. आणि प्रौढांना अहो-जाहो करा, ते वयाने तुमच्यापेक्षा लहान असले तरी.

गणिताची चाचणी: गुण मोजू नका, चुका वाचा

ज्या परीक्षेत नापास झाले तीच प्रश्नपत्रिका पुन्हा देण्यात काही अर्थ नाही. ती फक्त येत नाही एवढंच सांगेल. का येत नाही ते सांगणार नाही. त्याऐवजी बारा ते पंधरा छोटे प्रश्न काढा, अगदी प्राथमिकपासून वर चढत जाणारे, पंचवीस मिनिटांचे. चाचणी म्हणू नका, 'मला शिकवणं कुठून सुरू करायचं ते कळावं म्हणून' असं सांगा. कच्चं काम त्याच कागदावर करायला सांगा आणि खोडरबर वापरू देऊ नका, कारण तुम्हाला हवंय ते कच्च्या कामातच असतं.

उदाहरणार्थ ५०३ − २६७. उत्तर २३६. ज्याने ३६४ लिहिलं तो प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. वर कोणता, खाली कोणता हे बघतच नाही. ज्याने २४६ लिहिलं त्याला हातचा घेणं येतं, पण शून्यावरून पलीकडे जाताना दशकातला एक कमी करायचा राहून गेला. दोन्ही उत्तरं चूक, पण पहिल्याला स्थानिक किंमत शिकवायला हवी आणि दुसऱ्याला मधे शून्य असलेली दहा उदाहरणं पुरतात. ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीच्या अशा चुकांची पद्धतशीर मांडणी केली. त्यातून दिसलं ते असं की मुलं सहसा वाटेल तसं लिहीत नाहीत. ती एक चुकीचा नियम अतिशय इमानाने पाळत असतात. नियम सापडला की दुरुस्ती सोपी होते.

दशांश चिन्हांसाठी एकच जोडी देऊ नका. ०.४ आणि ०.३५ यांत मोठा कोणता, आणि ०.४ आणि ०.४५ यांत मोठा कोणता, असे दोन्ही विचारा. जो दशांश चिन्हानंतरचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचतो तो ३५ म्हणजे ४ पेक्षा मोठे असं म्हणून पहिल्यात चुकतो आणि दुसऱ्यात बरोबर येतो. 'जितके जास्त आकडे तितकी लहान संख्या' असं समजणारा नेमका उलटा: पहिला बरोबर, दुसरा चूक. एकाच जोडीवर थांबलात तर या दोघांपैकी एक तुमच्या हातून निसटतो.

याशिवाय ८ + ४ = □ + ५ नक्की घाला. चौकटीत १२ लिहिणाऱ्याला बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं वाटतं. दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात हे त्याच्या डोक्यात नाही, आणि समीकरणं त्याच्यासाठी जादूटोणाच राहणार. १७ लिहिणाऱ्याचंही तेच, त्याने दिसतील त्या सगळ्या संख्या मिळवल्या. −३ − ५ चं उत्तर ८ आलं तर 'वजा वजा अधिक' हा गुणाकाराचा नियम वजाबाकीत शिरलाय. ८१६ ÷ ८ चं उत्तर १२ आलं तर भागाकारातलं शून्य हरवलंय. १/२ + १/३ चं उत्तर २/५ येईलच, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

कागद तपासून झाले की प्रत्येकाबरोबर पाच मिनिटं बसा आणि दोनच प्रश्नांबद्दल विचारा: 'हे कसं काढलंत?' एक चुकलेला घ्या आणि एक बरोबर आलेला. फक्त चुकलेल्याबद्दल विचारलं की 'कसं काढलं' याचा अर्थ 'चुकलं' असा होतो आणि पुढे वर्षभर कोणी मन मोकळं करत नाही.

वाचन वेगळं तपासा

इतिहास, विज्ञान, भूगोल, अगदी गणितातली शाब्दिक उदाहरणंसुद्धा वाचनापाशी अडतात, आणि वाचन येत नाही ही गोष्ट मोठी माणसं फार कौशल्याने लपवतात. चष्मा विसरलो म्हणतात, शेजाऱ्याकडे बघतात, आवाज बसलाय म्हणतात. म्हणून वर्गात मोठ्याने वाचायला कधीच लावू नका. एकेकट्याला बाजूला घेऊन त्याच इयत्तेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला दीडशे शब्दांचा उतारा वाचायला द्या आणि मग चार प्रश्न विचारा: दोन उताऱ्यात सरळ दिलेल्या माहितीवर, एक कारण विचारणारा, आणि एक 'इथे "त्यामुळे" म्हणजे कशामुळे?' असा.

गॉफ आणि टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलेला विचार इथे फार कामाचा आहे: वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे, अक्षरांवरून शब्द ओळखणं आणि भाषा समजणं. दोन्हींपैकी एक शून्याजवळ असेल तर गुणाकारही शून्याजवळच. जो अडखळत, जोडाक्षरांवर थांबत वाचतो पण तोच उतारा तुम्ही वाचून दाखवल्यावर उत्तरं बरोबर देतो, त्याला वाचनाचा सराव हवा. शंभर शब्दांचा एक उतारा तीन-चार वेळा, रोज दहा मिनिटं, दर दोन दिवसांनी नवा. जो घडाघडा वाचतो आणि विचारल्यावर गप्प बसतो, त्याला अशा सरावाचा काडीचा उपयोग नाही. त्याला शब्द हवेत आणि वाक्यं जोडणाऱ्या शब्दांवर काम हवं: कारण, म्हणून, मात्र, तरीही, अन्यथा, त्याउलट. पाठ्यपुस्तकाची भाषा या शब्दांवर चालते आणि रोजच्या बोलण्यात यांतले निम्मे येतच नाहीत.

याच वेळी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा. फळ्यावरून उतरवताना ओळी गळतात, मागच्या बाकावर अचानक चुका वाढतात, हाक मारल्यावर दुसऱ्यांदा ऐकू येतं, अशी लक्षणं दिसली तर आधी तिकडे बघा. शब्दांतली अक्षरं सतत उलटसुलट होत असतील, बोलण्यात हुशारी आणि लिहिण्यात कमालीचा गोंधळ असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळण्यासाठी प्रमाणपत्र लागतं, ते मिळायला वेळ लागतो आणि अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्यावा लागतो. परीक्षा महिन्यावर आल्यावर याची आठवण होऊन उपयोग नसतो.

प्रत्येक तास स्वतंत्र हवा

हजेरी सुधारण्यासाठी दंड, ताकीद, सह्या, सगळं करून बघतात लोक. कामावरून सुटायला उशीर झालेल्या माणसावर त्याचा काय परिणाम होणार? त्यापेक्षा शिकवण्याची रचना अशी करा की दोन दिवस चुकले तरी तिसऱ्या दिवशी आत येता येईल. एका तासात एकच मुद्दा, त्याच तासात सुरू होऊन त्याच तासात संपणारा. 'उरलेलं उद्या' हे वाक्य इथे चालत नाही, कारण उद्या येणारे वेगळे असतात.

प्रत्येक तासाचा एक कागद बनवा: पुढच्या बाजूला वर सोडवलेलं एक उदाहरण, खाली सहा प्रश्न, मागे उत्तरं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाचं पाकीट वर्गात ठेवा. जो आला नाही त्याच्या पाकिटात त्या दिवशीचा कागद टाका. आल्यावर त्याने कुणाला काही विचारायची गरज नाही. आणि गैरहजर असलेल्याला त्याच संध्याकाळी दोन ओळींचा निरोप पाठवा: आज काय झालं आणि कागद पाकिटात आहे. का आला नाहीत ते विचारू नका. चार दिवस चुकलेला माणूस परत न येण्याचं मोठं कारण अनेकदा लाज हेच असतं, आणि असा निरोप ती लाज कमी करतो. दोन आठवड्यांत तीन खाडे झाले की मात्र निरोपावर भागवू नका, फोन करून बोला आणि वेळ किंवा दिवस बदलता येतो का ते बघा. पहिले सहा आठवडे याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या.

साठ मिनिटांचा तास साधारण असा बसतो. सुरुवातीची आठ मिनिटं चार प्रश्न, वही बंद ठेवून: एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा आणि एक पायाभूत. मग बारा मिनिटं नवा मुद्दा, सोडवलेल्या उदाहरणातून. दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून. वीस मिनिटं ज्याचं त्याने, तुम्ही फिरत राहायचं. सात मिनिटं शेवटचा एक प्रश्न, वेगळ्या चिठ्ठीवर, नाव घालून तुमच्याकडे. उरलेली तीन मिनिटं उशिरा येणाऱ्यांसाठी आणि वह्या आवरण्यासाठी जातातच, ती हिशोबात धरा.

यातली सुरुवातीची आठ मिनिटं कधीही कापू नका. एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की नुकतंच पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने, न बघता आठवून लिहिलेल्यांना जास्त आठवलं. हे दुसऱ्या संधीच्या वर्गात विशेष महत्त्वाचं आहे, कारण इथल्या अनेकांची अभ्यासाची कल्पना म्हणजे सुवाच्य अक्षरात वही उतरवणं. तासन् तास उतरवतात, वही देखणी होते आणि डोक्यात काही राहत नाही. मग 'आपल्याला जमतच नाही' हा निष्कर्ष पक्का होतो. उतरवणं बंद करा. पान वाचा, वही मिटा, आठवेल ते लिहा, उघडून रंगीत पेनाने भर घाला, एवढं एक तंत्र अंगवळणी पडलं तरी वर्षाचं अर्धं काम झालं.

सोडवलेल्या उदाहरणांबद्दलही असंच. शिकाऊ माणसाला थेट प्रश्न सोडवायला लावण्यापेक्षा पूर्ण सोडवलेलं उदाहरण अभ्यासायला दिलं तर बीजगणित कमी वेळात आणि कमी चुकांनी येतं, हे स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये दाखवलं. म्हणून ३क्ष + ७ = २२ पूर्ण सोडवून द्या: दोन्ही बाजूंतून ७ वजा, ३क्ष = १५, दोन्ही बाजूंना ३ ने भाग, क्ष = ५, आणि ताळा: १५ + ७ = २२. पुढच्या उदाहरणात फक्त शेवटची पायरी मोकळी ठेवा. त्यापुढच्यात शेवटच्या दोन. चौथ्यात फक्त प्रश्न. '७ पलीकडे नेला की चिन्ह बदलतं' असं शिकवू नका. हा नियम घोकलेले विद्यार्थी ३क्ष = १५ मध्ये ३ सुद्धा पलीकडे नेऊन वजा करतात आणि १२ लिहितात.

शेवटच्या चिठ्ठ्या घरी नेऊन तीन ढीग करा: आलं, जवळजवळ आलं, अजिबात नाही. रोझेनशाइन यांनी २०१२ च्या लेखात सरावातल्या यशाचं प्रमाण सुमारे ८० टक्के असावं असं म्हटलंय आणि या वर्गासाठी तो आकडा चांगला आहे. त्याहून कमी बरोबर आलं तर दुसऱ्या दिवशी तोच मुद्दा वेगळ्या मार्गाने घ्या. सगळ्यांचं सगळं बरोबर येत असेल तर तुम्ही फार सोपं शिकवताय, आणि विद्यार्थ्यांनाही ते कळतं.

अपूर्णांकांना वेळ द्या

एकाच गोष्टीवर जास्तीचे तास खर्च करायची मुभा असेल तर ते अपूर्णांकांवर खर्च करा. सीग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन देशांतली माहिती तपासली. दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती येतात, त्यावरून पाच-सहा वर्षांनंतरच्या बीजगणिताचा अंदाज इतर बहुतेक गोष्टींपेक्षा चांगला बांधता येतो असं त्यांना आढळलं. टक्केवारी, गुणोत्तर, चढ, संभाव्यता, विज्ञानातली सूत्रं, सगळं तिथूनच जातं.

१/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्याला लगेच लसावि काढायला शिकवू नका. तो शिकेल, चार दिवस बरोबर करेल आणि महिन्याने पुन्हा २/५ लिहील, कारण त्याच्या लेखी अपूर्णांक म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या आहेत. आधी विचारा: २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? लहान. मग अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं? हा प्रश्न ज्याच्या मनात रुतला त्याला समान छेदाची गरज स्वतःहून वाटते.

क्रम असा ठेवा. शून्य ते दोन अशी संख्यारेषा काढून तिच्यावर अपूर्णांक बसवणं. शून्य ते एक एवढीच काढली तर ७/५ सारख्या संख्या अपूर्णांक वाटतच नाहीत. मग समान किमतीचे अपूर्णांक, त्याच रेषेवर. मग प्रत्येक अपूर्णांकाची अर्ध्याशी आणि एकाशी तुलना, काहीही न लिहिता, तोंडी. मग समान छेदांची बेरीज, आणि त्यानंतरच वेगवेगळ्या छेदांची. हे सलग आठवडाभर रेटण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं, तीन-चार आठवडे घ्या आणि बाकीचा तास दुसऱ्या मुद्द्याला द्या. वर्तुळाचे तुकडे रंगवण्याची चित्रं टाळा. एक तर ती लहान मुलांच्या पुस्तकांची आठवण करून देतात, आणि वर्तुळाचे पाच किंवा सात समान भाग हाताने कोणालाही नीट करता येत नाहीत. संख्यारेषेत बालिश असं काही नाही.

हा मुद्दा सगळीकडे लागू आहे. पातळी प्राथमिकची असली तरी वागणूक आणि साहित्य प्राथमिकचं नको. पगारपत्रक, कर्जाचे हप्ते, औषधाची मात्रा, जागेचं क्षेत्रफळ यांत तेच अपूर्णांक आणि तीच टक्केवारी आहे.

उत्तर लिहायला शिकवा

या विद्यार्थ्यांच्या जुन्या उत्तरपत्रिकांत चुकीच्या उत्तरांपेक्षा कोरी पानं जास्त दिसतात. उत्तर थोडंफार माहीत असतं, लिहायला सुरुवात कशी करायची ते माहीत नसतं. म्हणून आधी प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करायची सवय लावा. 'नावे लिहा' म्हणजे यादी, वाक्यं नकोत. 'कारणे द्या' म्हणजे निदान एका वाक्यात 'कारण' किंवा 'त्यामुळे' यायलाच हवं. 'स्पष्ट करा' म्हणजे व्याख्या, मग ते कसं घडतं, मग उदाहरण.

'फरक स्पष्ट करा' यात सर्वांत जास्त गुण वाया जातात, कारण डावीकडे एक माहिती आणि उजवीकडे भलतीच. विषाणू आणि जीवाणू यांतला फरक विचारला तर विद्यार्थी डावीकडे विषाणूंमुळे होणारे आजार लिहितो आणि उजवीकडे जीवाणूंचा आकार. यावर उपाय म्हणजे दोन रकाने भरण्याआधी मधे तिसरा रकाना काढून त्यात कसोटी लिहायची: पेशीरचना, वाढ कशी होते, प्रतिजैविकांचा परिणाम. मग प्रत्येक कसोटीसमोर दोन्हीकडे लिहायचं. विषाणूला स्वतःची पेशीरचना नसते, जीवाणू एकपेशीय. विषाणू दुसऱ्या सजीवाच्या पेशीतच वाढतो, जीवाणू विभाजनाने. प्रतिजैविकं विषाणूंवर चालत नाहीत, जीवाणूंवर चालू शकतात. कसोट्या शोधता आल्या की पाठांतर आपोआप कमी होतं.

मोठ्या उत्तराला आधी आराखडा, चार-पाच शब्दांचा, समासात. सुरुवातीला पहिली दोन वाक्यं तुम्ही द्या आणि पुढची तीन त्यांना लिहू द्या. बाजारातल्या तयार उत्तरांचं पाठांतर करून येतील, त्यावर चिडू नका, पण त्या उत्तरातलं एक वाक्य स्वतःच्या शब्दांत बदलून लिहायला लावा. जे वाक्य बदलता येत नाही ते समजलेलं नाही, हे विद्यार्थ्यालाच दिसतं.

वही तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक धरा. शुद्धलेखन, मुद्दे, हस्ताक्षर, मांडणी यांवर एकदम खुणा केल्या तर पान रक्तबंबाळ होतं आणि विद्यार्थी त्यातून काहीच घेत नाही. शेऱ्यात 'छान' किंवा 'प्रयत्न करा' लिहून काही साधत नाही. 'तिसऱ्या पायरीपर्यंत बरोबर, तिथे ऋण चिन्ह गळलं, पुढचे दोन प्रश्न त्याकडे लक्ष देऊन करा' असं लिहा. आणि सोप्या कामाची तोंडभरून स्तुती करू नका. माझ्याकडून यांची एवढीच अपेक्षा आहे, असा तिचा अर्थ लागतो, आणि तो अर्थ लावण्यात ही माणसं चुकत नाहीत. आधीच्या शाळेत त्यांनी तो वर्षानुवर्षं वाचलेला असतो.

गृहपाठ पंधरा मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका, आणि न केल्यास विचारपूस न करता वर्गाच्या पहिल्या आठ मिनिटांतच त्यातला एक प्रश्न घ्या. रात्रपाळी करून आलेल्या किंवा लहान मूल सांभाळणाऱ्या माणसाच्या घरी मोकळी संध्याकाळ नसते. शिकण्याचं काम वर्गातच व्हायला हवं.

परीक्षेची भीती

एकदा नापास झालेल्याला परीक्षागृहात जे होतं त्याला नुसत्या धीर देण्याने फरक पडत नाही. अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांच्या २००१ च्या अभ्यासात दिसलं की गणिताची धास्ती असलेल्यांची तात्पुरती स्मृती त्या धास्तीतच गुंतून पडते आणि हातच्यासारख्या, मनात काही धरून ठेवावं लागणाऱ्या पायऱ्यांवर ते जास्त चुकतात. 'घरी येत होतं, पेपरात गेलं' हे बहाणे नसतात. म्हणून मनात धरायचं कमी करा: प्रत्येक पायरी लिहायची, हातचा लिहायचा, पेपर हाती येताच सूत्रं कच्च्या पानावर उतरवून ठेवायची.

वेळेची सवय हळूहळू लावा. आधी परीक्षेतले प्रश्न वेळेचं बंधन न ठेवता. मग ठरलेल्या वेळेच्या दीडपट वेळेत. मग नेमक्या वेळेत. पूर्ण प्रश्नपत्रिकेचा सराव शेवटच्या पाच आठवड्यांत तीनदा पुरतो, त्यातली एक तरी परीक्षा अनोळखी खोलीत, अनोळखी पर्यवेक्षकासमोर घ्या. त्याहून जास्त घेतल्या तर शिकवायला वेळ उरत नाही. वेळेचा हिशोब विद्यार्थ्याकडूनच करून घ्या: ८० गुणांना १८० मिनिटं असतील तर गुणाला दोन मिनिटं, म्हणजे १६० आणि वीस मिनिटं वाचायला व तपासायला. दोन गुणांच्या प्रश्नावर सात मिनिटं झाली की जागा सोडून पुढे जायचं. हे सोडून देणं शिकवावं लागतं, कारण अडलेला प्रश्न सोडणं म्हणजे पुन्हा हरणं, असं त्यांना वाटतं.

काही जण पुन्हाही नापास होतील. निकालाच्या आठवड्यातच त्यांना बोलवा आणि उत्तरपत्रिकेची प्रत मिळत असेल तर मागवा. प्रत्येक गेलेल्या गुणासमोर चारपैकी एक अक्षर लिहा: मा म्हणजे माहीतच नव्हतं, वि म्हणजे विसरलं, प्र म्हणजे प्रश्न चुकीचा वाचला, वे म्हणजे वेळ पुरला नाही. चारींचे उपाय वेगळे आहेत. 'मा' साठी शिकवणं, 'वि' साठी सुरुवातीच्या आठ मिनिटांतली उजळणी, 'प्र' साठी क्रियापद अधोरेखित करणं, 'वे' साठी घड्याळ लावून सराव. पाच गुणांनी नापास झालेल्याचे नऊ गुण नुसते 'प्र' मध्ये गेलेले निघाले, तर त्याला वर्षभराचा अभ्यासक्रम पुन्हा करायची गरज नाही, सहा आठवडे पुरतील. ही मोजणी झाली की त्याच बैठकीत पुढच्या परीक्षेचा अर्ज भरून घ्या; घरी नेलेला अर्ज बहुतेक वेळा परत येत नाही.